नव्याने घेतलेल्या जुन्या घराची दुरुस्ती: रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

खरेदीखत नोंदले गेले, किल्ल्या हाती आल्या, की बहुतेक कुटुंबांत पहिले बोलावणे रंगाऱ्याला जाते. आणि यामागे केवळ हौस नसून अशी दृढ समजूत असते की, ओल हा भिंतीचाच दोष असून जलरोधक रंगाचे दोन हात आतून दिले की तो कायमचा नाहीसा होतो. वस्तुतः ओल जेथे दिसते तेथेच उगम पावते असे क्वचितच घडते. गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्यातील भेग, वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातला नादुरुस्त नहाणी ट्रॅप किंवा बाहेरच्या गिलाव्यातील तडा यांतून शिरलेले पाणी स्लॅबच्या पोटातून वाट काढीत पुष्कळ अंतरावर प्रकट होते. उगम तसाच ठेवून आतून थर दिला, तर ते पाणी सळयांपाशी मुरत राहते. काँक्रीटमधील अल्कता पोलादाचे रक्षण करते. ती क्षीण होऊन हवा व ओलावा सळईपर्यंत पोहोचले की गंज चढतो, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे भोवतालचे काँक्रीट फुगून फुटते. छताचे पोपडे पडतात ते या कारणाने, आणि त्यांवर पुट्टी फिरवणे ही दुरुस्ती नव्हे.

याच बाबतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर सदनिका घेणाऱ्याने गच्चीच्या गळतीचा खर्चही पदरचाच करावा, असा ग्रह सर्रास आढळतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची गळती ही संस्थेची जबाबदारी आहे; न्हाणीघरातून होणारी अंतर्गत गळती मात्र सभासदाची. त्याच उपविधींत 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करण्याची तजवीज आहे. तो अहवाल संस्थेच्या दप्तरातून मागून घ्यावा, आणि शक्य तर इसारा देण्यापूर्वीच.

पाण्यानंतर वीज. एमसीबी बसवलेला आहे, म्हणजे माणूस सुरक्षित, ही समजूत मला या साऱ्यांत सर्वाधिक घातक वाटते, कारण एमसीबी रक्षण करतो ते तारांचे. अतिभार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावाचून तो पडत नाही. 16 अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या देहातून वाहणारा, मिलिअँपिअरमध्ये मोजला जाणारा प्राणघातक प्रवाह जाणवतही नाही. तो ओळखण्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि प्रत्यक्ष मोजून तपासलेले अर्थिंग हवे. गीझर व धुलाईयंत्र ज्या घरात आहेत, तेथे या खर्चाला कोणत्याही सबबीवर पुढची तारीख देऊ नये.

ऊर्जाबचत म्हणजे पाच तारांकित वातानुकूलन यंत्र, हा समज जाहिरातींनी पोसला आहे. परंतु दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आपली उष्णता खालच्या खोलीत सोडीत असताना उत्तम यंत्रालाही अधिक काळ राबावे लागते. गच्चीला चुन्याचा पांढरा हात किंवा पांढऱ्या चिनी मोझॅकचा थर आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा, हे उपाय यंत्राच्या आधी करावेत. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यानंतर अडवतो, छज्जा ते येण्यापूर्वीच.

पंख्यांकडे तर कोणी पाहतच नाही. जुना पंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे 30. दिवसाला दहा तास चालणारे चार पंखे बदलले, तर महिन्याला सुमारे 54 युनिटे वाचतात, आणि महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे ही वाचणारी युनिटे सर्वांत महाग टप्प्यातली असतात.

छतावरील सौर संच हा हल्ली पहिला विचार होऊ पाहतो. माझ्या मते तो अखेरचा असावा. कोबा नादुरुस्त असताना त्यावर सांगाडा उभारला, तर पुढे गळतीसाठी तो उतरवावा लागतो. शिवाय महिना 300 युनिटांचा वापर आधी पंखे बदलून 246 वर आणला, तर तीन किलोवॅटऐवजी दोन किलोवॅटच्या संचाने जवळजवळ भागते; 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला 60,000 रुपये अनुदान आहे, तर तीन व त्यापुढे कितीही क्षमता घेतली तरी 78,000.