शेवटचं पान फाडू नका!

माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. गावात लायब्ररी नव्हती. मामा येताना जुन्या रहस्यकथा आणायचे. बऱ्याचदा शेवटचं पानच फाटलेलं! मग गुन्हेगार आपणच शोधायचा.

त्यातूनच मला रहस्यकथेचं गणित कळलं. लेखक प्रकरण प्रश्नावर तोडतो. उत्तर देतो, पण त्याआधी दुसरा प्रश्न टाकून ठेवतो. पुरावा आपल्या डोळ्यांसमोरच असतो, फक्त आपलं लक्ष तो दुसरीकडे वळवतो. म्हणून तर उद्या सबमिशन असलं तरी 'एकच प्रकरण' म्हणता म्हणता पहाट होते.

मराठीत हा खजिना मोठा आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड त्यांचेच. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे २०१७ मध्ये पडद्यावर आला. 'दुनियादारी'वाल्या सुहास शिरवळकरांनीच दारा बुलंद आणि फिरोज इराणी उभे केले. नारायण धारप मात्र रात्री एकट्याने वाचू नका!

दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मी, फर्स्ट इयरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं बघून घरी पळणार होतो. जुनी सवय कामी आली. 'पुढे काय?' असं विचारत एकेक पान उलटलं आणि टिकलो.

तेव्हा सुट्टीवरून येताना प्रत्येकाने एक पुस्तक आणा, रूममध्ये फिरवा. फक्त शेवट कुणाला सांगू नका!