मसुदा एक, प्रती अनेक : सशर्त मजकूर आणि दस्तऐवजाची रचना

पंचायत असो, शाळा असो वा तहसील कार्यालय. एकाच नमुन्याचे पत्र अनेकांना पाठवावे लागते. त्यातील बहुतेक मजकूर समान असतो, दोन-चार परिच्छेद तेवढे व्यक्तिपरत्वे बदलतात. प्रत्येक प्रकारासाठी निराळा मसुदा ठेवल्यास एकात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात राहून जाते. यावरील उपाय म्हणजे सशर्त मजकूर, अर्थात ठरवून दिलेल्या अटीनुसार प्रकट होणारा किंवा झाकला जाणारा मजकूर. २०१० साली सुरू झालेल्या व विनामूल्य मिळणाऱ्या लिब्रेऑफिसच्या ‘रायटर’मध्ये ही सोय आहे. तथापि मजकूर झाकताना दस्तऐवजाची रचना अभंग राहील, ही दक्षता घ्यावी लागते.

परिच्छेदाची खूण महत्त्वाची

समजा, घरपट्टीच्या मागणीपत्रात चार कलमे आहेत : चालू मागणी, थकबाकी, भरण्याची मुदत आणि हरकत. थकबाकीचे कलम सर्वांना लागू नाही. ‘हिडन टेक्स्ट’ वापरून त्यातील शब्द झाकले, तरी परिच्छेदाच्या शेवटची खूण शिल्लक राहते आणि तेथे रिकामी ओळ दिसते. यास्तव संपूर्ण परिच्छेद झाकावयाचा असल्यास ‘हिडन पॅराग्राफ’ वापरावा. अनेक परिच्छेद किंवा तक्ता असल्यास त्यांचा ‘सेक्शन’ करून त्याला अट लावावी. वाक्यातील दोन-तीन शब्दच बदलावयाचे असतील, तर ‘कंडिशनल टेक्स्ट’ पुरेसे होते. कंट्रोल व एफ-१० या कळा एकत्र दाबल्या, की परिच्छेदाच्या खुणा पडद्यावर दिसतात.

अटीची दिशाही ध्यानात ठेवावी. ‘कंडिशनल टेक्स्ट’मध्ये अट खरी ठरल्यास पहिला पर्याय प्रकट होतो, ‘हिडन पॅराग्राफ’मध्ये मात्र अट खरी ठरल्यास परिच्छेद झाकला जातो. म्हणून येथे ‘थकबाकी शून्य आहे’ ही अट द्यावी लागेल.

क्रमांक आणि संदर्भ

कलमांचे क्रमांक हाताने टंकित करू नयेत; ते स्वयंचलित ठेवावेत. ‘कलम ३ पाहा’ असा उल्लेखही संदर्भ-क्षेत्र घालूनच करावा आणि एफ-९ कळ दाबून तो अद्ययावत करावा. कायम मजकुरातून सशर्त कलमाकडे निर्देश करू नये. कलम झाकले गेले, की तो निर्देश निराधार होतो. शीर्षक व त्याखालील मजकूर एकाच अटीत असावेत. अन्यथा मजकुराविना शीर्षक उरते. पानावर किंवा तक्त्याच्या चौकटीत अन्य काही मजकूर नसेल, तर तेथील ‘सेक्शन’ झाकला जात नाही, हेही लक्षात असावे.

पाठविण्यापूर्वी

झाकलेला मजकूर म्हणजे गोपनीय मजकूर नव्हे. मूळ फाइल ज्याच्या हाती जाईल, त्याला तो उघड करता येतो. म्हणून बाहेर पाठवावयाची ती छापील किंवा पीडीएफ प्रतच. प्रत्येक संभाव्य प्रत एकदा तपासावी : दोन स्वतंत्र अटी असल्यास चार, तीन असल्यास आठ.

हा खटाटोप केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. हरकतीचे कलम चुकीच्या अटीखाली झाकले गेले, तर ते पत्र मिळालेल्या नागरिकाला दाद कोठे व कधी मागावी, हे कळणारच नाही. पत्र सुबक दिसेल, पण त्याचा हक्क त्यातून निसटलेला असेल. मसुदा तयार करणाऱ्याने कलमांचे क्रमांक तपासावेत, आणि त्याचबरोबर ते पत्र ज्याच्या हाती पडणार आहे, त्याच्या दृष्टीनेही ते एकवार वाचावे.