पथ्य एकाचे नव्हे, घराचे

बीडहून केजकडे जाताना बालाघाटाच्या डोंगराळ भागात नेकनूर हे गाव लागते. बीडची सीताफळे प्रसिद्ध आहेत. २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

समजा, नेकनूरमधील एका घरी अब्बांनी सीताफळे आणली. मुले भोवती जमली. दादी मात्र उठून आत गेल्या. त्यांना मधुमेह आहे. त्यांनी हात पुढे केला की कोणीतरी ओरडते, "दादी, नको!" म्हणून आताशा त्या सर्वांबरोबर जेवायलाच बसत नाहीत.

मधुमेहाला लोक 'शुगर' म्हणतात. आपण खाल्लेल्या अन्नापासून साखर तयार होते आणि ती रक्तात मिसळते. ही साखर शरीराच्या उपयोगी पडावी म्हणून इन्शुलिन लागते. ते स्वादुपिंडात तयार होते. इन्शुलिन कमी पडले किंवा त्याचे काम नीट झाले नाही, तर साखर रक्तातच साठते. मग खूप तहान लागते, वारंवार लघवी होते, थकवा येतो. दुर्लक्ष केल्यास डोळे, मूत्रपिंडे, हृदय व पायांच्या नसा यांना इजा होते.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले. १९२२ साली लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाचे प्राण इन्शुलिनमुळे वाचले. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा 'जागतिक मधुमेह दिन' म्हणून पाळतात. आपला बालदिनही त्याच दिवशी असतो.

आज योग्य उपचार घेतल्यास मधुमेही माणूस दीर्घकाळ जगू शकतो. पण ते जगणे आनंदाचेही हवे. औषध डॉक्टर देतात; आनंद घरच्यांनी द्यायचा असतो.

दादींचे ताट वेगळे कशाला? ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि मटकीची उसळ सर्वांनाच चांगली. सीताफळाचा थोडा गर किंवा ईदचा चमचाभर शीरखुर्मा चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. रोजे ठेवायचे असतील, तर रमजानपूर्वीच त्यांचा सल्ला घ्यावा. साखर ७० च्या खाली गेली, तर जिवाला धोका असतो. तेव्हा रोजा लगेच सोडावा. मधुमेहात पाय बधिर होतात व जखम कळत नाही. म्हणून नातवंडांनी रोज रात्री दादींचे तळवे पाहावेत.

असे झाले, तर दादी पुन्हा सर्वांबरोबर दस्तरखानावर बसतील.

मुलांनो, तुमच्या घरी कोणाला मधुमेह आहे का? मग आज संध्याकाळी त्यांचा हात धरून फिरायला जा. चालण्याने साखर आटोक्यात राहते, आणि सोबतीने मन प्रसन्न होते.