मनाचा लगाम आणि मेंदूची चित्रे

‘मनावर घेतले तर काय अशक्य आहे!’ हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्याच्या पोटात एक संपूर्ण मानसशास्त्र गृहीत धरलेले आहे याचे भान आपणांस राहत नाही. तंबाखूची पुडी न सुटणारे वडीलधारे असोत, रोज सायंकाळी ‘आज शेवटची’ म्हणून बाटली उघडणारा घरातील कर्ता पुरुष असो, की वसतिगृहात राहून भलत्याच पुड्यांच्या नादी लागलेला तरुण असो, सर्वांना आपला एकच उपदेश असतो. तो वाया गेला म्हणजे ‘मनाचा दुबळा’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या लहानशा समाजात तर सर्वजण सर्वांना ओळखतात. त्यामुळे हा शिक्का एका माणसापुरता राहत नाही. तो साऱ्या घरावर बसतो, आणि तो बसू नये म्हणून घरे दुखणे लपवितात. हा शिक्का मुळात खरा आहे काय? जिवंत माणसाचा मेंदू काम करीत असताना त्याची चित्रे घेण्याची साधने गेल्या काही दशकांत उपलब्ध झाली. त्यांनी या प्रश्नावर जो प्रकाश टाकला, तो आम्ही येथे वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. कठोपनिषदाने शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. लगाम सुटला की दोष सारथ्याचा, असे आपण धरून चालतो. परंतु लगामच झिजला असेल तर? ही शंका वैद्यकशास्त्रात प्रथम जोरकसपणे उपस्थित झाली ती एका अपघातामुळे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, कॅव्हेंडिश गावाजवळ, लोहमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालले असता सुरुंगाचा अकाली स्फोट झाला. फिनिअस गेज नावाच्या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालातून सुमारे साडेतीन फूट लांबीची पहार शिरली आणि डोक्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडली. आश्चर्य असे की, गेज वाचला. बोलणे, चालणे, स्मरण हे सर्व शाबूत राहिले. मात्र डॉ. जॉन हार्लो यांनी पुढे नोंदविल्याप्रमाणे, पूर्वीचा कष्टाळू व समतोल मुकादम आता उतावळा, हट्टी आणि शिवराळ झाला होता. कपाळामागील ललाटखंडाला इजा झाली आणि स्वभावच पालटला! संयम ही केवळ शीलाची बाब नसून त्याला शरीरात ठावठिकाणा आहे, असे त्या घटनेने सुचविले.

पुढे शतकाहून अधिक काळ अशा अपघातांची आणि शवविच्छेदनांची वाट पाहण्यावाचून शास्त्रज्ञांना गत्यंतर नव्हते. १९७० च्या दशकात ‘पेट’ हे तंत्र आले. किरणोत्सारी खूण असलेली साखर अत्यल्प प्रमाणात रक्तात सोडावयाची आणि मेंदूचा कोणता भाग ती अधिक वापरतो हे यंत्राने टिपावयाचे, अशी त्यातील एक प्रमुख रीत. त्यानंतर १९९० साली सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने रक्तातील प्राणवायूच्या चढउतारावरून चुंबकीय यंत्राच्या साहाय्याने मेंदूची हालचाल टिपता येते हे दाखविले, आणि १९९२ पासून माणसांवर तशा चाचण्या होऊ लागल्या. आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो खर्च करतो. या खर्चाचा हिशेब म्हणजेच ही चित्रे होत. त्यांत विचार दिसत नाही, वासना दिसत नाही. कोठे किती इंधन लागले एवढेच दिसते, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

व्यसनाच्या अभ्यासासाठी या साधनाचा उपयोग करणाऱ्यांत डॉ. नोरा वोल्कोव्ह यांचे नाव अग्रभागी आहे. मेक्सिकोत जन्मलेल्या या विदुषीने अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत दीर्घकाळ संशोधन केले, आणि २००३ साली त्या देशाच्या राष्ट्रीय व्यसन-संशोधन संस्थेच्या संचालकपदी त्यांची नियुक्ती झाली. आपल्याला एखादी गोष्ट हवीशी वाटते, तिच्यासाठी आपण धडपडतो, यात डोपामिन नावाच्या रसायनाचा मोठा वाटा असतो. मेंदूच्या पेशींवर हे रसायन झेलणारे ग्राहक रेणू असतात. वोल्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोकेनच्या व्यसनींमध्ये या ग्राहकांचा एक प्रकार इतरांहून कमी आढळला. व्यसन थांबवून तीन-चार महिने लोटल्यावरही ती उणीव कायम होती. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्यांच्यात ही उणीव अधिक, त्यांच्यात बऱ्यावाइटाचा तोल सांभाळणाऱ्या ललाटखंडाच्या भागांचे कामही अधिक मंदावलेले दिसले. ओढ लावणारी यंत्रणा बिघडावी आणि त्याच वेळी आवर घालणारी यंत्रणाही शिथिल व्हावी, अशी ही दुहेरी हानी आहे. ‘मनावर घे’ असे आपण ज्या मनाला सांगतो, त्या मनाचे साधनच व्यसनाने निकामी होत आलेले असते.

आणि ती ओढ किती चपळ! पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील अ‍ॅना रोझ चिल्ड्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली २२ कोकेन-व्यसनी पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. व्यसनाशी निगडित चित्रे त्यांच्यापुढे केवळ ३३ मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा तिसावा हिस्सा, झळकविण्यात आली. चित्र पाहिल्याची जाणीवदेखील होऊ नये इतका हा अल्प अवधी. तरीही मेंदूच्या भावनाकेंद्रांत खळबळ उडाल्याचे यंत्राने टिपले. सारथी जागा होण्यापूर्वीच घोडे उधळलेले असतात. दारूच्या दुकानावरून जाणारा रस्ता, जुन्या सोबत्याची हाक, कपाटातील रिकामी बाटली या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी व्यसनमुक्त होऊ पाहणाऱ्या माणसाला कशामुळे पाडतात, याचा उलगडा येथे होतो.

मग मेंदूतील हा दोष व्यसनाने निर्माण होतो, की आधीपासून असलेल्या दोषामुळे व्यसन जडते? केंब्रिज विद्यापीठातील केरन अर्शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येक कुटुंबाने मनन करावा असा आहे. त्यांनी सख्ख्या भावंडांच्या ५० जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतील एक भावंड कोकेनसारख्या उत्तेजक द्रव्याच्या आहारी गेलेले, दुसरे निर्व्यसनी. सुरू केलेली कृती ऐन वेळी थांबविण्याच्या चाचणीत दोघेही इतर लोकांच्या मानाने मागे पडले. आवर घालण्याशी संबंधित असलेल्या मेंदूच्या रचनेतही दोघांत सारखेच वेगळेपण आढळले. अर्थात, दुर्बलतेचा काही अंश घराण्यातून आलेला असू शकतो. परंतु तेच वेगळेपण घेऊन जन्मलेले दुसरे भावंड व्यसनापासून दूर राहिले, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. वारशाने उतार दिला, कडेलोट ठरविला नाही. ‘तुझा भाऊ बघ कसा सरळ आहे!’ असे म्हणणाऱ्या आईबापांनी त्या सरळ मुलालाही कदाचित तितकाच निसरडा रस्ता चालावा लागला असेल, हे विसरू नये. आणि घसरलेल्याला निराळ्या मातीचा समजू नये.

संयमाचे कार्य निरोगी माणसातही कसे चालते, हे कॅलिफोर्नियातील टॉड हेअर, कॉलिन कॅमेरर आणि अँटोनिओ रांगेल यांनी २००९ साली दाखविले. पथ्यावर असलेल्या लोकांना यंत्रात निजवून निरनिराळे खाद्यपदार्थ दाखविण्यात आले. जे केवळ चवीला भुलले, त्यांच्या मेंदूतील मूल्य ठरविणाऱ्या भागात चवीचेच वजन पडले. ज्यांनी मोह टाळला, त्यांच्या ललाटखंडाचा वरचा, बाजूचा भाग अधिक सक्रिय होऊन त्याने त्या मोजणीत आरोग्याचेही वजन घातलेले दिसले. संयम म्हणजे इच्छेशी कुस्ती नव्हे, तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वेळेवर काही टाकणे होय! भावनांचेही तसेच. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ साली केलेल्या प्रयोगात रागावलेले, घाबरलेले चेहरे पाहणाऱ्यांनी त्या भावनेला नुसते नाव दिले, तेव्हा भयक्रोधाशी निगडित अशा बदामाएवढ्या केंद्राची खळबळ कमी झाली आणि ललाटखंडाचा एक भाग जागा झाला. ‘मला राग आला आहे’, ‘मला तलफ येते आहे’ असे मोकळेपणाने म्हणता येणे हा उपचाराचाच एक भाग आहे. ज्या घरात असे म्हणण्याची सोय नाही, तेथे तो उपचार होणार कसा?

आता आशेची बाजू. वोल्कोव्ह यांच्याच गटाने २००१ साली मेथअँफेटामिन या जहाल द्रव्याच्या पाच व्यसनींची दोनदा तपासणी केली. एकदा व्यसन सोडल्यावर पहिल्या सहा महिन्यांत आणि पुन्हा बारा ते सतरा महिन्यांच्या निर्व्यसनी काळानंतर. डोपामिन वाहून नेणारे जे रेणू घटले होते, ते लक्षणीय प्रमाणात परत आलेले दिसले. स्मरणाच्या व हालचालींच्या चाचण्यांत मात्र तितकी खात्रीची सुधारणा झाली नव्हती. मेंदू सावरतो, परंतु महिन्यांच्या हिशेबाने, आठवड्यांच्या नव्हे. पंधरा दिवसांत ‘पहिल्यासारखा’ माणूस मागणाऱ्या नातलगांनी हे लक्षात घ्यावे.

परिस्थितीचे बळ किती असते, याचा दाखला यंत्रांच्या पूर्वीचाच आहे. व्हिएतनामच्या युद्धात अनेक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ साली मायदेशी परतलेल्या अशा सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला, तेव्हा तेथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाल्याचे आढळले. भोवतालचे जग बदलले, आणि बहुतेकांचा पाशही सुटला. खुद्द फिनिअस गेजनेही उत्तरायुष्यात चिली देशात कित्येक वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले. घोड्यांची निगा, ठरलेली वेळ, ठरलेला मार्ग, असे हे शिस्तीचे काम होते. १८६० साली तो वारला. पण मधल्या काळात त्याचा लगाम पुष्कळसा हाती आला असावा, असे त्याच्या चरित्राचे आधुनिक अभ्यासक मानतात.

या चित्रांविषयी अंधश्रद्धाही नको. २००९ साली क्रेग बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखविली’. आकडेमोडीतील आवश्यक दुरुस्ती वगळली, तर मृत माशाच्या मेंदूतही हालचाल दिसते, हे त्यांनी सप्रमाण सिद्ध केले. मेंदूचे हे अभ्यास बहुधा थोड्या लोकांवर झालेले असून त्यांचे निष्कर्ष गटाच्या सरासरीचे असतात. एका माणसाचे चित्र घेऊन ‘हा व्यसनी’, ‘हा सुटणार नाही’ असे निदान करता येत नाही. तसे आश्वासन देऊन कोणी पैसे मागत असेल तर सावध राहावे.

मग घराने करावे काय? प्रथम, लपविणे सोडावे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोक मद्याच्या घातक सेवनाने वा अवलंबित्वाने ग्रासलेले आहेत. आपले घर त्याला अपवाद असलेच पाहिजे, हा हट्ट कशाला? दुसरे, उपदेशाचा वेळ वाचवून तो भोवताल बदलण्यात खर्चावा. घरातील बाटली हलवावी, सायंकाळची ती नेमकी वेळ दुसऱ्या कामाने भरून काढावी. तिसरे, वर्षानुवर्षे पुष्कळ मद्य घेणाऱ्यास शपथ घालून एका रात्रीत ते बंद करावयास लावू नये. अशाने झटके, भ्रम असे प्राणावर बेतणारे विकार उद्भवू शकतात. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, बंगळुरूची ‘निमहान्स’ ही संस्था आणि भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी-सेवा (क्रमांक १४४१६) यांची दारे महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांनाही उघडी आहेत.

याचा अर्थ व्यसनी माणसावर कसलीच जबाबदारी नाही, असा कोणी घेऊ नये. मधुमेह हा दोष नव्हे, परंतु पथ्य पाळणे मधुमेह्याच्याच हाती असते. तसेच हेही आहे. फरक इतकाच की, मधुमेह्याच्या ताटाला सारे घर सांभाळून घेते. तेवढी समजूत व्यसनाशी झगडणाऱ्याच्या वाट्याला आली, तर झिजलेला लगाम पुन्हा वळण्यास त्याला महिन्यांचा जो अवधी हवा असतो, तो घरातच मिळेल.