गॅसची शेगडी : घ्यावी कशी, बसवावी कशी

कारखान्यात नवे यंत्र येऊ लागले की युनियनच्या माणसाने मालकाला तीन प्रश्न विचारावेत, असे मला माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी शिकविले. या यंत्रावर उभे कोण राहणार? त्याला ते शिकविणार कोण? आणि काही बिघडले तर यंत्र बंद करण्याची कळ त्याच्या हाताला पोचते काय? हे प्रश्न मी पुष्कळ मालकांना विचारले, आणि उत्तर मिळेपर्यंत द्वारसभाही घेतल्या. परंतु १९९८ साली माझ्या स्वतःच्या घरी गॅस आला, तेव्हा यांतला एकही प्रश्न मला सुचला नाही.

झाले असे की, नंबर लावून पुष्कळ दिवस वाट पाहिल्यावर एका सकाळी जोडणी करणारा मनुष्य आला. पत्नी पाणी भरावयास खाली गेली होती. कागदावर सही मी केली, जागा मी दाखविली, आणि नळी जिथवर पोचली तिथे, म्हणजे नेमकी खिडकीखाली, त्याने शेगडी मांडली. चालू कशी करायची ते त्याने मला दाखविले आणि तो गेला. मी कामावर गेलो. पुढे आठ-दहा दिवसांनी वाऱ्याने ज्योत विझली. आमटी चुलीवर ठेवावी तशी शेगडीवर ठेवून पत्नी बाहेरच्या खोलीत बसली होती. वास आला, पण टाकीवरचा रेग्युलेटर बंद कसा करायचा हे तिला कोणीच सांगितले नव्हते. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी तो बंद केला आणि दारे उघडली म्हणून निभावले. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुमच्या मिलमध्ये असं झालं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

तेव्हापासून या विषयाचा मी जमेल तसा अभ्यास केला. मी इंजिनिअर नाही. मेकॅनिक लोकांना विचारून, पुस्तके चाळून आणि चुका करून जे कळले ते सांगतो.

मुंबईत गॅस ही तशी जुनी गोष्ट आहे. १८६५ साली तिथल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळसा भाजून काढीत, आणि पुढे नळाने तो काही सुखवस्तू घरांच्या स्वयंपाकघरांतही पोचला. त्यात कार्बन मोनॉक्साईड असे, म्हणून तो नुसता हुंगला गेला तरी जीव घेई. आजचा टाकीतला गॅस निराळा. तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि १९५५ साली बर्माशेल कंपनीने 'बरशेन' या नावाने तो मुंबईत आणला. सरकारी कंपनीचा 'इंडेन' १९६५ साली आला. तरीही कामगार वस्तीत त्यानंतर कितीतरी वर्षे रॉकेलचा स्टोच भणभणत होता. स्टोला पिन मारता मारता भाजलेल्या बायका आमच्या पिढीने पाहिल्या आहेत, तेव्हा गॅसला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

टाकीत काय असते ते आधी पाहू. प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू दाबाखाली ठेवून त्यांचा द्रव केलेला असतो. या द्रवाचा एक लिटर बाहेर सुटला तर त्याचे सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. म्हणून टाकी नेहमी उभी ठेवावी. उभ्या टाकीतून वरचा वायूच तेवढा बाहेर येतो. गॅस संपत आला की पुष्कळ घरांत टाकी आडवी करतात, हलवितात, किंवा गरम पाण्याच्या परातीत ठेवतात. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रवच नळीत उतरतो आणि शेगडीवर भडका उडतो. पाच-सात चहांचा गॅस वाचविण्यासाठी एवढा मोठा जुगार कोणी खेळू नये.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हा वायू हवेहून दीड ते दोन पट जड असतो. गळला की तो पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली साचतो, मोरीत उतरतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. त्याला वाट खालून, दाराच्या फटीतून हवी. टाकी बंद कपाटात ठेवायचीच असेल तर कपाटाला तळाशी आणि माथ्याशी भोके पाहिजेत. याच्या उलट, नळाने येणारा नैसर्गिक गॅस हवेहून हलका असतो आणि छताकडे जातो, तेव्हा त्याला वरची झडप लागते. शंभर भाग हवेत टाकीच्या गॅसचे सुमारे दोन ते नऊ भाग मिसळले की एक ठिणगी पुरते. मूळ वायूला वास नसतो. जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या पदार्थाचा. तो वास म्हणजे आपला भोंगा आहे असे समजावे.

टाकी घरात घेतानाची तपासणी दोन मिनिटांची आहे. सील पाहावे. टाकीच्या गळ्याशी पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्च, बी म्हणजे जून, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर. तो महिना उलटून गेला असेल तर त्या टाकीची चाचणी व्हावयाची राहिली आहे, ती परत करावी. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते. त्यात १४.२ किलो मिळविले की भरलेल्या टाकीचे वजन आले, आणि ते करून मागण्याचा आपल्याला हक्क आहे. हक्क मागताना समोरचा मनुष्यही पाहावा. एक भरली टाकी तीस किलोच्या आसपास भरते, आणि तो तसल्या कितीतरी टाक्या दिवसभर खांद्यावरून जिने चढवितो. घरपोच देण्याचा आकार किमतीतच धरलेला असतो हे खरे, पण त्यातला या मनुष्याच्या हाती किती पडतो हा प्रश्न मी अनेक ठिकाणी विचारला आणि उत्तर देणाऱ्यांनी विषय बदलला. गॅस कमी भरला तर दोष बहुधा त्याचा नसतो, ओरडा मात्र त्यालाच खावा लागतो. टाकीच्या तोंडातली रबरी रिंग जागेवर आहे की नाही हे त्यानेच पाहावयाचे असते. ते त्याला नीट करू द्यावे, घाई करू नये.

आता जोडणी. शेगडी टाकीहून उंच, ओट्यावर असावी. टाकी खाली, सपाट जमिनीवर. शेगडी खिडकीच्या झोतात नको आणि मागे पडदाही नको. नळी आयएसआय खुणेची, आतून तारेची जाळी असलेली, शक्य तितकी आखूड घ्यावी. तिला मध्ये जोड देऊ नये, भिंतीतून ओवू नये, शोभेसाठी वर कापडी खोळ चढवू नये. खोळीखाली भेग दिसत नाही. नळीवर तारीख असते, आणि पाच वर्षांनी ती बदलावी, मग ती दिसावयास कितीही नवी दिसो. जोडणी झाली की सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारे शूर लोकही मी पाहिले आहेत. त्यांतल्या एकाच्या भुवया पुढे चार महिने उगवत होत्या.

ज्योतीकडे पाहावयास शिकले पाहिजे. ज्योत निळी आणि स्थिर असावी. जेट म्हणून एक बारीक छिद्राचा पितळी तुकडा असतो. त्यातून गॅस जोराने सुटतो आणि जाताना हवा ओढून घेतो. हवा पुरेशी मिळाली नाही की ज्योत पिवळी होते, भांड्यांचे बूड काळे होते, गॅस वाया जातो आणि विषारी कार्बन मोनॉक्साईड तयार होऊ लागतो. बर्नर उतू गेलेल्या दुधाने बुजला असेल तर तो धुऊन वाळवावा. जेटचे छिद्र मात्र जाड सुई घालून मोठे करू नये.

या जेटच्या अज्ञानाने माझी दुसरी फजिती झाली. पुढे आम्ही राहावयास गेलो त्या इमारतीत नळाचा गॅस आला. नैसर्गिक गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात टाकीच्या गॅसच्या निम्म्याहून कमी उष्णता असते, म्हणून मेकॅनिकने शेगडीचे जेट काढून मोठ्या छिद्राचे बसविले. काही वर्षांनी नवी शेगडी घेतली आणि जुनी, मुंबईकरांच्या रीतीप्रमाणे, कोकणात गावच्या घरी धाडली. तिथे वहिनींनी ती टाकीला जोडली, तेव्हा हातभर पिवळी ज्वाळा उठली आणि वरचे कौल काळे झाले. मोठ्या छिद्रातून दुप्पट कसाचा गॅस सुटला, दुसरे काय होणार? गावी शेगडी पाठविणाऱ्यांनी आधी जेट बदलून घ्यावेत. खर्च किरकोळ असतो.

शेगडी कोणती घ्यावी, असे मला पुष्कळजण विचारतात. आयएसआय खूण पाहावी, बाकी गरजेनुसार. चार बर्नर आणि खाली अवन असलेली उभी शेगडी परदेशी घरांत रोज वापरतात, कारण त्यांचा पाव, मांस सारे भाजण्यावर चालते. आपल्याकडे हौसेने घेतलेल्या अशा अवनमध्ये मी पापडांचे डबे आणि जास्तीच्या पराती पाहिल्या आहेत. नानकटाई, पाव घरी होत असतील तर जरूर घ्यावी, पण तिला जागा आणि मोकळी हवा दोन्ही लागतात. काचेची शेगडी पुसावयास सोपी. तिच्या तापलेल्या काचेवर गार पाणी सांडू नये, आणि पुरणाचे जड पातेले तिच्यावर आपटू नये. ओट्यात कापून बसवावयाची शेगडी घेतली तर तिच्या खालच्या पोकळीत हवा खेळती हवी. तिथे मसाल्याचा बंद खण करून घेणारे लोक ज्योत पिवळी का पडते म्हणून मेकॅनिकला बोल लावतात.

आणि उंची. गवंडी ओटा आपल्या ठरलेल्या मापाने बांधतो. त्यावर शेगडी चढते, शेगडीवर तवा, आणि भाकरी उलटणाऱ्या बाईचा खांदा वर उचलला जातो. असे दिवसातून दोन वेळा, वर्षानुवर्षे. कारखान्यात यंत्राची पट्टी उंच पडली म्हणून मी कामगाराच्या पायाखाली लाकडी फळी घालावयास लावली आहे. घरी मात्र खांदेदुखीवर तेल लावून घेणाऱ्या बाईच्या ओट्याचे माप कोणी घेत नाही. ते तिच्या कोपरावरून घ्यावे, आणि ओटा घालण्यापूर्वी घ्यावे. १ मे २०१६ रोजी, कामगार दिनीच, केंद्र सरकारची उज्ज्वला योजना सुरू झाली, तिच्यात जोडणी घरातल्या स्त्रीच्या नावे देतात. ही तरतूद मला आवडली. कागदावर नाव आले. जोडणीच्या दिवशी मेकॅनिकपुढे उभी तीच असते काय, हे मात्र घरोघरी पाहिले पाहिजे.

वास आलाच तर काय करावे ते नीट ऐका. शेगडीच्या कळा आणि रेग्युलेटर बंद करावा. देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवावी. विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. दोन्ही वेळा ठिणगी उडते. पंखा लावण्याचा मोह इथेच घात करतो. दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर काढून टाकीच्या तोंडावर दोऱ्याने बांधलेली टोपी दाबून बसवावी, माणसे बाहेर न्यावीत, आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करावा. नळाचा गॅस असेल तर घरातली मुख्य कळ बंद करावी आणि बिलावर छापलेल्या क्रमांकावर कळवावे.

आमच्या घरी ही कवाईत आम्ही सगळ्यांनी केली. माझी आई तेव्हा सत्तरीच्या पुढे होती आणि तिचा सारा जन्म चुलीपुढे आणि स्टोपुढे गेलेला. पहिल्या खेपेस तिने रेग्युलेटर उलटा फिरविला, दुसऱ्या खेपेस टोपी कुठे आहे ते विसरली. तिसऱ्या खेपेस सारे बरोबर केले आणि मला विचारले, "आता तुझी पाळी. डोळे मीट आणि करून दाखव."