गोरखचिंच आणि नाकाची मागची वाट

धारहून मांडूला गेलात की रस्त्याकडेला टोपल्या दिसतात. त्यांत मखमली सालीची, दुधीसारखी दिसणारी फळं असतात. विकणारे ‘खुरासानी इमली’ म्हणतात. मराठीत ही गोरखचिंच. झाड मूळचं आफ्रिकेतलं. फळ फोडलं की आत खडूसारखा कोरडा पांढरा गर. एक तुकडा घ्या आणि नाक चिमटीत धरून जिभेवर ठेवा. जबडा आवळतो, तोंडाला पाणी सुटतं. लाळेत विरघळलेल्या आम्लातले हायड्रोजनचे आयन चवीच्या पेशीत शिरतात आणि पेशी मेंदूला वर्दी देते. नाक बंद असून काही अडलं नाही.

आता तसंच नाक धरून बडीशेप चावा. गोडसर चोथा, बस्स. नाक सोडा. एका श्वासात अख्खी बडीशेप डोक्यात उमलते! चावताना सुटलेली वाफ घशाच्या मागून नाकात चढते, ती मघाशी अडून बसली होती.

जिभेची झेप एवढीच: गोड, आंबट, खारट, कडू आणि 1908 साली जपानच्या किकुनाए इकेदांनी ‘उमामी’ असं नाव दिलेली पाचवी चव. (शाळेत शिकलेला जिभेचा नकाशा, टोकाला गोड आणि मागे कडू, विसरा. पाचही चवी जिभेवर सगळीकडे कळतात.) बाकी सगळा थाट नाकाचा. नाकपोकळीच्या छताशी टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांवरचे ग्राहक (रिसेप्टर) सुमारे 400 प्रकारचे, आणि एका पेशीवर साधारण एकाच प्रकारचे. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी 1991 मध्ये शोधली. 2004 चं नोबेल त्याबद्दलच. एक वास अनेक ग्राहकांना कमीअधिक छेडतो आणि मेंदू ती जुळणी ओळखतो. पेटीच्या पट्ट्या मोजक्या, राग मात्र हवे तितके. सर्दीत देवासचे पोहे खाऊन पाहा: मीठ लागतं, लिंबू लागतं, वर भुरभुरवलेला जीरावन मसाला मात्र गायब.

हे मर्म मांडूच्या एका शौकिनाला शरीरशास्त्राशिवाय उमगलं असावं. माळव्याचा सुलतान घियासशाह (राज्यकाळ 1469–1500) याच्यासाठी ‘निमतनामा’ हा पाककृतींचा ग्रंथ लिहायला घेतला गेला आणि मुलगा नासिरशाहच्या काळात तो पुरा झाला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोसे आहेत, विडे आहेत आणि त्याच पोथीत अत्तरं, उटणीसुद्धा. कापूर, कस्तुरी, गुलाबपाणी ताटातही आणि अंगावरही. चित्रांत भरघोस मिशांचे सुलतान जातीनं स्वयंपाकावर नजर ठेवून आहेत. मला ही पोथी निव्वळ पाककृतींची वाटतच नाही, नाकाचीच वाटते.

त्या पोथीत मिरची नाही. ती अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर नंतर आली. माळव्यात मिरचीशिवाय स्वयंपाक, कल्पना करून बघा! गंमत अशी की तिखट ही शास्त्राच्या हिशेबी चवच नव्हे. सुमारे 43 अंशांच्या वरचा चटका ओळखणारा एक ग्राहक चेतातंतूंवर असतो. मिरचीतला कॅप्सायसिन नेमका तोच उघडतो. म्हणून तोंड ‘भाजतं’. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. काळी मिरीही तेच दार ठोठावते, म्हणजे घियासशाहचं तोंड भाजायची सोय होतीच. (संस्कृतात ‘कटू’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू, मराठीत येईस्तोवर ‘कटू’नं घर बदललं आणि तो ‘कडू’ झाला.)

चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांत बदलतात, वासाच्याही काही आठवड्या-महिन्यांनी. वासाचा निरोप मात्र इतर संवेदनांसारखा मधल्या चौकीवर न थांबता थेट भावना आणि आठवणींच्या शेजारी पोचतो. देवासच्या घरी लहानपणी हिंगाची फोडणी ज्या पेशींनी टिपली, त्या माझ्या नाकातून केव्हाच गेल्या. तरी आज फोडणी आईची की काकूची, ते जिन्यातच कळतं.