जुना डिफरन्शियल, नवी जुळणी
पलूसजवळच्या देवराष्ट्रे गावातील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप २०२१ मध्ये देशभर गाजली. अशा घरगुती गाडीला जुना डिफरन्शियल बसवायचा, तर तो आधी खोलावा. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं; ती सोय हाच भाग करतो. बेअरिंग हाताने फिरवताना खरखरलं तर बदलावं. ऑइल सील नवंच घालावं. मग क्राउन या मोठ्या दातेरी चाकाच्या दातांना रंग लावून त्याला जोडलेलं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, फिरवावं. ठसा दाताच्या मधोमध उमटला, तर जुळणी बरोबर. टोकाकडे किंवा मुळाकडे सरकला, तर शिम, म्हणजे मधली पातळ चकती, बदलून पुन्हा पाहावं. इथे घाई केली, तर डिफरन्शियल घरघरतो आणि दात लवकर झिजतात.